किलोमागे किती? वजन उतरवणाऱ्या वनस्पती-अर्कांचा खरा खर्च

बाटलीवर ६०० रुपये छापलेले असतात, म्हणून आपले ६०० रुपये गेले असं आपण धरून चालतो. वजन उतरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वनस्पती-अर्कांच्या बाबतीत हा हिशेब हमखास चुकतो. भाजीचा भाव आपण किलोवर विचारतो. जी वस्तू अंगावरचे किलो कमी करायला म्हणूनच विकली जाते, तिचाही भाव किलोवरच काढावा: उतरलेल्या एका किलोमागे किती रुपये पडले? कोणतीही जाहिरात हा आकडा देत नाही, पण बाटली हातात घेऊन पाच मिनिटांत तो आपला आपल्याला काढता येतो.

पुढे दिलेले भाव शहरातल्या मेडिकल दुकानांतले आणि ऑनलाइन मिळणाऱ्या मालाचे, साधारण आहेत. ब्रँड, सवलत आणि गाव बदललं की ते थोडे इकडेतिकडे होतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

बाटली फिरवून मागची बाजू वाचा

सुरुवात गार्सिनियापासून करू, कारण ‘फॅट बर्नर’ म्हणून सगळ्यात जास्त खपणाऱ्या अर्कांत तो आहे आणि त्याचं आपल्याकडच्या स्वयंपाकघराशी नातंही आहे. गार्सिनिया कॅम्बोजिया म्हणजे मलबारी चिंच, केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडंपुळी. आपलं कोकम त्याच कुळातलं. दोघांच्याही सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं, लेबलवर त्याला एचसीए म्हणतात. कॅप्सूलचा सगळा डोलारा या एका आम्लावर उभा आहे.

६० कॅप्सूलची बाटली ४०० ते १,२०० रुपयांपर्यंत मिळते. आपण ६०० धरू. मागे बारीक अक्षरांत असं काहीसं छापलेलं सापडेल: प्रत्येक कॅप्सूलमध्ये गार्सिनिया अर्क ५०० मिलिग्रॅम, एचसीए ६० टक्के. म्हणजे कामाचा माल ३०० मिलिग्रॅम. पुढे लिहिलेलं असतं, ‘रोज दोन कॅप्सूल’. दोन गुणिले तीस, साठ. बाटली बरोबर महिनाभर पुरते. हा डोस अभ्यासावरून ठरला की बाटलीच्या आकारावरून, असा प्रश्न इथेच पडायला हवा.

कारण माणसांवरच्या ज्या चाचणीचा सर्वांत जास्त उल्लेख होतो, तिच्यात रोज १,५०० मिलिग्रॅम एचसीए दिलं होतं. ही चाचणी १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. १३५ माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना कमी उष्मांकाचा आहार, निम्म्यांना अर्क आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता, पण तो अर्काच्या बाजूने तर नक्कीच नव्हता. पुढे २०११ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र करून आढावा घेतला गेला, तेव्हा अर्काच्या पदरात ०.८८ किलोचा जादा फायदा पडला. त्यातल्या फक्त काटेकोर चाचण्या धरल्या, तर तोही उरला नाही.

तरी उदार होऊन ०.८८ किलो खरे मानू आणि चाचणीतलाच डोस घेऊ. १,५०० मिलिग्रॅमसाठी रोज पाच कॅप्सूल. १२ आठवड्यांचे ८४ दिवस, कॅप्सूल ४२०, बाटल्या सात, पैसे ४,२००. त्याला ०.८८ ने भागा: किलोमागे सुमारे ४,७७० रुपये. बाटलीवरच्या ६०० रुपयांचा हा खरा भाव. आणि पुढच्या सात बाटल्या घेतल्या म्हणून आणखी ०.८८ किलो उतरेल असं कुणीही दाखवलेलं नाही.

मग या अर्काचा एवढा गवगवा झालाच कसा? उंदरांमुळे. जादा पिष्टाची चरबी करणाऱ्या साखळीतलं एक विकर एचसीए अडवतं, आणि उंदरांच्या शरीरात ही साखळी जोरात चालते. माणसाच्या नेहमीच्या आहारात पिष्टापासून नवी चरबी फारशी बनत नाही. आपल्या अंगावर साठते ती बहुतेक खाल्लेल्या तेला-तुपाचीच. ज्या दारातून फारसं कुणी येतच नाही, ते दार बंद करून काय साधणार?

कोकणात आणि गोव्यात ‘कोकम चरबी जाळतं’ म्हणून सरबताच्या बाटल्या विकल्या जातात, त्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. आमसुलं किलोला ४०० ते ८०० रुपये, आमटीत घाला, सोलकढी करा, चव आणि पचन दोन्हींसाठी उत्तम. पण कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक, आणि आगळात मीठ भरपूर. वजनासाठी म्हणून रोज ग्लासभर सरबत पिणं म्हणजे पैसे देऊन साखर खाणं.

चहा आणि बंगळूरची कॉफी

ग्रीन टी प्यायची असेल तर प्या. एका पिशवीला चार ते सहा रुपये पडतात, बिनसाखरेची असेल तर साखरेच्या चहाची जागा घेते, आणि तेवढ्यानेही दिवसाचे काही उष्मांक वाचतात. वजन उतरवण्यासाठी ग्रीन टी कितपत उपयोगी, याचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१२ मध्ये आला. उतरलेलं वजन इतकं थोडं होतं की वैद्यकीय दृष्ट्या त्याला महत्त्व नाही, असा त्याचा निष्कर्ष.

कॅप्सूलची गोष्ट वेगळी. त्यात चहातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य एकवटलेलं असतं. महिन्याचा खर्च ५०० ते १,००० रुपये, पण धोका पैशांपुरता राहत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं की पूरक आहारातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेलं, तर यकृताला इजा झाल्याचं दाखवणारी विकरं रक्तात वाढतात. पुढे युरोपीय संघाने ८०० च्या आतच राहण्याचं बंधन घातलं. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांवर ‘ग्रीन टी अर्क ५०० मिलिग्रॅम’ एवढंच असतं आणि त्यात ईजीसीजी किती हे छापलेलंच नसतं. तो आकडा नसलेली बाटली परत ठेवा. ही कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायला सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. उपाशीपोटी ते द्रव्य रक्तात जास्त उतरतं.

ग्रीन कॉफीची कथा थोडक्यात, पण ती आपल्या शेजारची आहे. २०१२ मध्ये एक अभ्यास छापून आला, बंगळूरमध्ये केलेला, अवघ्या १६ माणसांवर. अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही डॉक्टरांनी त्यावर कार्यक्रम केला आणि न भाजलेली कॉफी जगभर औषधासारखी खपू लागली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने चौकशी केली तेव्हा वजनांचे आकडे आणि चाचणीच्या तारखा बदललेल्या आढळल्या. अभ्यासाचा खर्च करणाऱ्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून २०१४ मध्ये प्रकरण मिटवलं आणि त्याच वर्षी लेखकांनी शोधनिबंध मागे घेतला. बाटल्या मात्र दुकानातून मागे गेल्या नाहीत. २०० ग्रॅमचं पाकीट आजही ३००-४०० रुपयांना मिळतं.

वैद्यांकडची पुडी

आयुर्वेदात स्थूलतेचा विचार फार जुना आहे. चरकाने अतिस्थूल माणूस आठ निंदितांत मोजला. सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनावरून सत्यवती या संशोधिकेने बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर संशोधन केलं आणि १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पुढे त्यातून कोलेस्टेरॉलवरचं औषधही काढलं. ही चांगली, कष्टाची परंपरा आहे आणि तिची थट्टा करायचं कारण नाही. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ माणसांवर गुग्गुळाच्या अर्काची चाचणी झाली, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित चढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. वजनासाठीचा पुरावा त्याहूनही तोकडा आहे.

खर्चाच्या बाजूने पाहिलं तर वैद्यांकडचा मार्ग स्वस्त आहे. मेदोहर गुग्गुळाच्या किंवा तत्सम गोळ्या महिन्याला १५० ते ४०० रुपये, त्रिफळा चूर्ण १०० ग्रॅमला ६० ते १२० रुपये. वैद्यांची तपासणी ३०० ते ८००. चांगला वैद्य पुडीबरोबर जेवणाची वेळ, रात्रीचा भात आणि दुपारची झोप याबद्दलही बोलतो, आणि माझ्या मते त्या ३०० रुपयांतला सगळ्यात वसूल भाग तोच. महाग पडतात ती उद्वर्तन-पंचकर्माची पॅकेजेस, सात किंवा चौदा दिवसांची, १०,००० पासून ५०,००० पर्यंत. तिथे दिवसातून दोनदा मुगाचं कढण आणि पेज देतात. वजन उतरतं त्यात कढणाचा वाटा किती आणि चूर्ण चोळण्याचा किती, हे पैसे भरण्याआधी विचारायला संकोच करू नका.

थायरॉइडची गोळी चालू असेल, पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर गुग्गुळ स्वतःच्या मनाने घेऊ नये. तोच नियम दारुहळदीतल्या बर्बेरिनला. समाजमाध्यमांवर त्याला, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला पर्याय म्हणून, ‘निसर्गातलं इंजेक्शन’ म्हणतात. बर्बेरिनचा थोडाफार परिणाम दाखवणाऱ्या चाचण्या आहेत, पण बहुतेक लहान आणि कमीजास्त दर्जाच्या. रोजच्या ५०० मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल धरल्या तर ६० ची बाटली वीस दिवसांत संपते आणि महिन्याचे ९०० ते १,८०० रुपये होतात. अनेक औषधांचं शरीरातलं विघटन ते अडवतं, आणि गरोदर बाईने तर ते घेऊच नये.

स्वस्तातला डबा

आता ज्यावर जाहिरातीचा खर्च कमी होतो ते बघू. इसबगोलाचा भुसा, गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून सगळीकडे जाणारा, १०० ग्रॅमला साधारण १५० रुपये. तो चरबी वगैरे काही जाळत नाही. पाणी शोषून पोटात फुगतो, भूक थोडी लवकर भागते, बद्धकोष्ठ सुटतं आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींचा पुरावा भक्कम आहे. वजनाबाबत अभ्यासांचं एकमत नाही. २०२० च्या एका आढाव्यात काहीच फरक दिसला नाही. २०२३ च्या दुसऱ्या आढाव्यात जेवणाआधी रोज सरासरी १०.८ ग्रॅम, असा जवळपास पाच महिने घेतल्यावर स्थूल माणसांचं वजन २.१ किलो जास्त उतरलं. दुसरा आकडा धरला तर दीड किलोवर थोडा भुसा, २,३०० रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोमागे सुमारे १,१०० रुपये. गार्सिनियाच्या पाव भावात, आणि वजन नाही उतरलं तरी सकाळ मोकळी जाते.

घेण्याची रीत सांभाळा. भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी एक ग्लास पाणी. कोरडा तोंडात टाकला तर घशात अडकू शकतो. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळीचा अंश भुशातच राहतो.

सुरणाच्या कुळातल्या कोंजॅक नावाच्या कंदातून ग्लुकोमॅनन काढतात. हाही पोटात फुगणारा तंतूच. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये त्याचा दावा मान्य केला, पण अटी घालून: रोज ३ ग्रॅम, तीन जेवणांआधी एकेक ग्रॅम, प्रत्येक वेळी एक-दोन ग्लास पाणी, आणि तेही कमी खाण्याच्या जोडीने. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घेतल्या तर रोज सहा होतात आणि बाटली दहा दिवसांत संपते. महिन्याला १,५०० च्या खाली हा खर्च क्वचितच येतो. इसबगोल सोडून तो करण्याचं कारण मला तरी दिसत नाही. आणि नाही, सुरणाची भाजी खाऊन हे साधत नाही. सुरणात मुख्यतः पिष्ट असतं. मेथ्यांबद्दल एवढंच: वाटीभर भिजवलेल्या मेथ्यांना पाच-सहा रुपये लागतात, पुरावा लहान चाचण्यांचा, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरत नाही ना, यावर लक्ष हवं.

न छापलेला खर्च

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य बाटलीवर दिसलं की खिसा आणि यकृत दोन्ही सांभाळावेत. २००९ मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सीकट नावाची उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली. तिथल्या औषध प्रशासनाकडे यकृताच्या गंभीर तक्रारींच्या २३ नोंदी होत्या आणि एकाचा मृत्यू झाला होता. मिश्रणातल्या नेमक्या कोणत्या घटकाने घात केला, हे ठरवता आलं नाही. म्हणून मिश्रण टाळा. एका कॅप्सूलमध्ये अकरा वनस्पती असतील, तर प्रत्येकीची मात्रा कामापुरती नसते आणि काही बिघडलं तर बोट कुणाकडे दाखवायचं हेही कळत नाही.

अर्क घ्यायचाच असेल तर सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी यकृताची तपासणी करून घ्या: एका वेळेला ४०० ते ९०० रुपये. हा खर्चही किलोच्या भावात धरायचा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि बाटली घेऊन डॉक्टरकडे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अर्कांबद्दल आधीच सांगा. ‘औषध नाही, हर्बल आहे’ म्हणून लोक हे सांगतच नाहीत.

दुसरा धोका भेसळीचा. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या भीतीने २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतलं गेलं आणि २०११ मध्ये भारतातही बंद झालं. त्यानंतर ते ‘शुद्ध हर्बल’ कॅप्सूलमध्ये लपवलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. तेव्हा एखाद्या अर्काने पहिल्याच आठवड्यात भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडलं, छातीत धडधडू लागलं आणि झोप उडाली, तर अर्क गुणी निघाला म्हणून खूश होऊ नका.

मग डॉक्टरी इलाज स्वस्त आहे का?

नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या, वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइड इंजेक्शनची जाहीर किंमत तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या कुपीला ३,५०० आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीला ४,३७५ रुपये होती, आठवड्याला एक कुपी. मोठ्या चाचणीत ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमच्या डोसवर सरासरी १५ टक्के वजन उतरलं, बिनऔषधाच्या इंजेक्शनवर ३.१ टक्के. ८० किलोच्या माणसाला हा फरक साडेनऊ किलोचा. पहिले चार आठवडे लहान डोस धरून ७२ आठवड्यांचे सुमारे ३,११,५०० रुपये होतात. किलोमागे ३२,८०० च्या आसपास.

गार्सिनियाच्या जवळपास सातपट. मग अर्कच बरा का? तसं नाही. इंजेक्शनच्या भावात उतरलेले किलो खरे आहेत, मोजलेले आहेत, आणि ते मधुमेहाला दूर ठेवायला पुरतात. अर्काच्या भावातला किलो काटेकोर चाचणीत सापडतच नाही. मात्र इंजेक्शन बंद केलं की वजन बऱ्याच अंशी परत येतं, तेव्हा हा खर्च एकदाचा नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. त्याआधी आहारतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीचे ५०० ते १,५००, थायरॉइडच्या तपासणीचे २०० ते ५०० आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचे ३०० ते ६०० रुपये खर्च करावेत. थायरॉइड मंदावलेलं असेल, तर ते ओळखून गोळी सुरू करणं कुठल्याही अर्काच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं.

पैसे देण्याआधी, आणि दिल्यानंतर

लेबलवरून माल कोणत्या खात्यातला ते कळतं. पूरक आहार असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा आणि तो औषधी वापरासाठी नाही असा इशारा छापलेला हवा. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची मात्रा. ग्रंथोक्त औषधाला परवान्यासाठी नव्याने चाचण्या कराव्या लागत नाहीत, त्यामुळे ‘सरकारमान्य’ याचा अर्थ ‘वजन उतरतं हे सिद्ध झालेलं’ असा घेऊ नये.

१९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा काही विकारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला बंदी करतो, आणि त्याच्या यादीत स्थूलता आहे. म्हणून तर शहाणे विक्रेते ‘लठ्ठपणा बरा होतो’ असं लिहीत नाहीत. ‘चयापचयाला साथ’, ‘स्लिम लुक’ असं लिहितात. कमी शहाणे ‘३० दिवसांत १० किलो, गॅरंटी’ लिहितात, आणि तो स्क्रीनशॉट तुमच्या तक्रारीचा पुरावा होतो.

तीन महिन्यांचा ‘फुल कोर्स’ एकदम घेऊ नका. बाटली एकच घ्या, पक्कं बिल मागा, आणि ऑनलाइन मागवताना ‘सबस्क्राइब’च्या चौकटीत आधीच खूण केलेली असेल तर ती काढा. सीलबंद पेट्या परत घेण्याची अट मागणी नोंदवण्यापूर्वी वाचा. बहुतेक ठिकाणी उघडलेली बाटली परत घेत नाहीत, त्यामुळे ‘मनी बॅक’ कागदावरच राहतं.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५. औषधाने त्रास झाला तर त्याची नोंद १८००१८०३०२४ वर करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीसाठी बिल, जाहिरातीचा फोटो आणि उरलेल्या कॅप्सूलसह बाटली जपून ठेवा. बॅच क्रमांक तिच्यावरच असतो, आणि तपासणीला माल लागला तर तोच द्यावा लागतो.